चेंडू आलाच नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरात उंदीर शिरला आणि त्याच्यापायी कैरीच्या लोणच्याची बरणी फुटली. शेजारी सांगताना बरणी उंदरानं फोडली असं मी सांगितलं, पण खरं बघता ती मी फोडली, तीही खुर्चीतून न उठता. ही हातात काठी घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती, माझ्याकडं तोंड करून. मी गुडघ्यांचं निमित्त सांगून दारात खुर्ची टाकून बसलो होतो. पिठाच्या डब्यामागून उंदीर निघालेला मला दिसला, हिला दिसला नाही. मी ओरडलो, “उजवीकडं! उजवीकडं!” या वयातही ही गरकन वळली आणि तिनं आपल्या उजवीकडं काठी हाणली. मी सांगितली होती ती माझी उजवी बाजू. तिच्या उजव्या बाजूला बरणी होती. उंदीर दोघांच्या मधून, घाई न करता, मोरीकडं निघून गेला.

आयुष्यात मला एकच विद्या नीट आली, आणि ती म्हणजे दुसऱ्याच्या पाठीमागं उभं राहून त्यानं कुठं वळायचं ते सांगणं. माणूस समोर उभा असला की ती विद्या चालत नाही, हे साठी उलटल्यावर लोणच्याच्या बरणीनं शिकवलं. दिवसभर ही फरशीवरचं तेल पुसत राहिली. संध्याकाळी लसूण सोलायला बसली तेव्हा म्हणाली, “बसल्या जागी हुकूम सोडायची ही खोड लागली कुठं तुम्हाला?” मी हॉकी खेळायचो हे तिला माहीत आहे. बैठकीत फोटो आहे, त्यात मी मागच्या रांगेत असून पुढच्याच्या कानाआड अर्धा झाकलोय. पण त्या उन्हाळ्याची हकिकत मी तिला कधी सलग सांगितली नव्हती. ती सांगितली, आणि तिला सांगून झाली तशीच इथं लिहून ठेवतो आहे.

औरंगाबादजवळच्या आमच्या कन्नड गावी मॅट्रिक झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कॉलेजसाठी औरंगाबादला मावशीकडं ठेवलं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत काकांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावरच घर. सकाळी जाग यायची ती खालच्या आवाजानं. काका मांजरपाटाला कात्रीनं एक चीर द्यायचे आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचे. तो आवाज आला की मावशी चुलीवर तवा टाकायची, जणू दुकान उघडल्याशिवाय भाकरीला परवानगी नव्हती. मधे मिलचा भोंगा व्हायचा, त्याच्यापाठोपाठ कुठूनतरी अजान, आणि या सगळ्यात काका खालून ओरडायचे की चहा आला नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाची फोडणी. आणि मॅच असली की धपाटे नि दही. धपाटे खाऊन पोरगं हरत नाही अशी मावशीची समजूत होती. पोरगं सतत हरत होतं, पण मावशीची समजूत हलली नाही.

काकांच्या सगळ्या आठवणी दोनच खणांत असायच्या, ॲक्शनच्या आधीच्या आणि ॲक्शनच्या नंतरच्या. निजामाचं राज्य बुडवणारी पोलिस ॲक्शन होऊन तेव्हा एक पिढी उलटली होती, तरी दुकानात बसलेली म्हातारी माणसं भाव, लग्नं, दुष्काळ सगळं तिच्यावरूनच मोजायची. हॉकीबद्दल काका म्हणत, निजामाची फौज गेली आणि हॉकी मागं विसरली. खरंच होतं ते. छावणीकडच्या मोहल्ल्यांत घरटी एक स्टिक असायची, कुणाच्या दारामागं, कुणाच्या माळ्यावर. मला ती हातात धरताही येत नव्हती. पण मी अंगानं रुंद होतो, धावायचा मला कंटाळा होता, आणि तिथल्या एका टीमला गोलकीपर हवा होता. एवढ्या तीन गोष्टी जुळल्यावर नाही म्हणायला जागाच उरली नाही. पॅड मावशीनं शिवले होते, जुन्या वाकळीचे थर देऊन, वर काकांच्या दुकानातलं खादीचं कापड. ते घालून चाललो की गादी चालत आल्यासारखी वाटे.

मला खेळात ओढलं रशीदनं. तो आमचा फुलबॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभं राहून समोरून येणाऱ्याला अडवणारा. त्याच्या घरी हिमरू कापडाचा माग होता आणि त्याचे अब्बा पहाटेपासून मागावर बसलेले असत. त्या घरात शिरलं की पहिल्यांदा मागाची खटखट ऐकू यायची आणि मग मटणाच्या खलियाचा वास यायचा. जुम्म्याच्या दिवशी त्याची अम्मी मला नान-खलिया वाढायची आणि मी किती खाल्लं हे मावशीला कळू नये म्हणून घरी येऊन पुन्हा भाकरी खायचो. माझ्या अंगाच्या रुंदीचं रहस्य हेच.

आमच्या टीमची बचावाची रीत अशी होती की बचावाची रीतच नव्हती. समोरच्यांकडं चेंडू गेला की आमचे दोन फुलबॅक, रशीद आणि हमीद, आणि तीन हाफ, पाचच्या पाच जण त्याच्यामागं धावायचे. अंगणात दाणे टाकल्यावर कोंबड्या धावतात तसे. समोरचा शहाणा खेळाडू चेंडू हळूच बाजूला ढकलायचा, तिथं त्याचा दुसरा भिडू मोकळा उभा असायचा, आणि मग तो आणि मी. यात माझी चांदी होती. चेंडूवर चेंडू यायचे. मी या खांबाकडं पड, त्या खांबाकडं पड, पायानं अडव, पोटानं अडव, एकदा कपाळानं अडवला. लोक टाळ्या वाजवायचे. आम्ही चार-पाच गोलनं हरायचो, पण लोक म्हणायचे की गोलकीपर होता म्हणून, नाहीतर दहा झाले असते. हरणाऱ्या टीममध्ये हिरो व्हायचं असेल तर गोलकीपर व्हावं. हे मला तेव्हा कळत नव्हतं, फक्त गोड लागत होतं.

दुसरीकडं इंटरच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो होतो. तिथं माझ्यापर्यंत येणारा एकही प्रश्न मला अडवता आला नव्हता. संक्रांतीनंतर आबा ज्वारीचं पोतं घेऊन एसटीनं आले. त्यांनी पोतं उतरवलं, पाणी प्याले आणि मावशीसमोरच मला म्हणाले, “पाडव्याला सालगडी बदलायचाय. तवर तुझं काय जमलं तर बघ. नाय जमलं तर मला गडी हुडकायची गरज नाय.” आमच्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला पालटतं. आबा चिडून बोलले असते तर भांडता आलं असतं. पण ते साधं हिशेबाचं बोलले, बाजारात बैल बघितल्यासारखं. मावशीनं तोंडाला पदर लावला. रडू आलं म्हणून की हसू, ते मला आजही ठरवता येत नाही.

मला शेताचा राग नव्हता. मला भीती होती ती त्या सकाळची, ज्या सकाळी खालून कापड फाडल्याचा आवाज येणार नाही. मला शहर हवं होतं, मिलचा भोंगा हवा होता, रशीदबरोबर गुलमंडीवर उभं राहून विनाकारण प्यायचा चहा हवा होता. आणि ते मिळवायचा एकच रस्ता माझ्यासारख्याला दिसत होता. मुंबईपुण्याकडचे कारखाने तेव्हा आपल्या टीमसाठी खेळाडू नोकरीवर घ्यायचे. आठ तास काम, त्यातही निम्मं मैदानावर. तेही शहरच झालं असतं. लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते, तेव्हा माझी खात्री होती की आज ना उद्या कुणीतरी बघेल.

त्याच दिवसांत साळवे सर आले. मूळचे जालन्याचे, मिशनच्या शाळेत शिकलेले, आयुष्य फौजेत काढून छावणीत भावाकडं राहायला आलेले. एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी आमची मॅच बघितली आणि संपल्यावर रशीदला विचारलं की तुमच्यात एकमेकांशी बोलचाल बंद आहे का. रशीद म्हणाला, नाही तर. सर म्हणाले, मग खेळताना कुणी कुणाशी बोलत का नाही? दुसऱ्या दिवसापासून ते आमचे कोच झाले. कुणी नेमलं नाही, आणि नको म्हणायची कुणाची हिंमतही झाली नाही. आवाज मात्र इतका हळू की त्यांचं ऐकायला जवळ जावं लागे. जवळ गेलं की आपोआप गप्प बसलं जाई.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की चेंडू काढून घेतला. दुसरी, दोर मागितला. मजबूत आणि लांब दोर कुणाकडं आहे असं विचारल्यावर मीच हात वर केला. आमच्या विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोटेचा नाडा गोठ्यात गुंडाळून पडला होता. तो मी कन्नडहून आणला, आबांना न सांगता. सरांनी त्या नाड्यानं पाचही जणांना कमरेला बांधलं, दोघांच्या मधे तीन-चार पावलांची जागा सोडून. मग ते स्वतः समोर हातात नुसती स्टिक घेऊन डावीउजवीकडं चालायचे आणि पाच जणांनी दोर ताणू न देता, ढिला न पडू देता, त्यांच्यासमोर सरकायचं. एक पुढं गेला की शेजारच्यानं मागं यायचं. कुणी जुन्या सवयीनं धावत सुटला की चारही जण ओढले जाऊन मुरमावर पडायचे. पहिले काही दिवस मैदानावर हॉकी बघायला येणारी माणसं ते बघायलाच यायला लागली. रशीद म्हणायचा, “ये हॉकी है या हज को जारे हम सब मिल के?”

सरांचं एकच वाक्य होतं, चेंडू घेऊ नका, रस्ता घ्या. समोरच्याला चेंडूसकट खुशाल येऊ द्या, पण त्याला गोलकडं जायचा रस्ता देऊ नका. तो आपोआप कडेला जातो, आणि कडेला गेलेला माणूस काय करणार? दोर सुटल्यावरही तो कमरेला आहे असं समजून खेळा. आणि मग ते माझ्याकडं आले. मला वाटलं, आता मला उड्या मारायच्या नव्या तऱ्हा शिकवणार. त्यांनी विचारलं, “तुझ्या जागेवरून काय दिसतं?” मी म्हणालो, सगळं दिसतं. “यांना?” म्हणालो, समोरचं तेवढं. “मग जे दिसतं ते तुझ्यापाशीच ठेवून काय करतोस?” त्या दिवसापासून मी टीमचे डोळे झालो आणि तोंडही. माणूस कुठून मोकळा सुटतोय, कुणी कुठं सरकायचं, सगळं मी मागून ओरडायचं. आधी नाव, मग बाजू, तिसरा शब्द नाही.

आवाज माझ्याकडं होता. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाळी घालणाऱ्याचं रक्त. घरी सराव म्हणून गच्चीवरून “रशीद, बायें! हमीद, पीछे!” असं सुरू केलं तेव्हा पहिल्या दिवशी गिऱ्हाइकानं घाबरून काकांचं कापड खाली टाकलं. काकांनी मावशीला विचारलं की पोराला कुणी दृष्ट लावली का. पण मैदानावर त्याचा उपयोग झाला. टीममध्ये माझं नाव भोंगा पडलं. मी ओरडायचो, पाच जण दोर बांधल्यासारखे सरकायचे, आणि समोरचे फॉरवर्ड चेंडू घेऊन कडेकडेनं जात मैदानाच्या कोपऱ्यात पोचायचे, लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखे. आधी आमच्यावर चार गोल व्हायचे, मग दोन, मग एक, आणि नंतर एकही होईना. आम्ही जिंकायला लागलो. शहरातल्या टीम आमच्याशी खेळायचं टाळायला लागल्या.

आणि माझ्याकडं चेंडू यायचा बंद झाला. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते मावशीमुळं. पॅड धुवायला घेताना ती म्हणाली, “आजकाल मळत नाहीत रे हे. खेळतोस ना?” मी हसून पॅड उलटे करून बघितले. मैदानावरच्या टाळ्या आता रशीदला, हमीदला मिळत होत्या. मी नीट ओरडलो की चेंडू वाटेतच अडायचा. जितका नीट ओरडेन तितका मी रिकामा. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणारा माणूस गोष्टीत असतो, मी तो तोंडानं मारून घेत होतो. आणि ओरडायचं नाही असंही करता येईना, कारण मला दिसायचं. एकदा दिसलेलं तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नसे.

पाडवा जवळ आला, तशी आमखास मैदानावर उन्हाळी स्पर्धा सुरू झाली. साळवे सर एका संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले की फौजेतला त्यांचा एक सोबती आता मुंबईच्या एका कारखान्यात खेळाडू निवडतो, आणि तो उपांत्य सामन्याला येतो आहे. जागा एकच आहे. गोलकीपर किंवा फुलबॅक, जो आवडेल तो. आबांनी मला काय सांगितलंय ते त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, “मी त्याला तुझंच नाव सांगितलंय. पण तो सांगण्यावर घेत नाही, बघून घेतो.” मी रशीदला सांगितलं. रशीदच्या पाठीवर बहिणी होत्या, आणि मागाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि तो म्हणाला, “तू जा रे. मेरा क्या, अब्बा के बाजू में बैठ जाऊंगा.” मला बरं वाटलं. त्याला बरं वाटलं नसणार हे मला त्याच्या चहाच्या न संपलेल्या कपावरून कळलं, पण मी तिकडं बघितलं नाही.

सामन्याला आबा आले. मावशीनं निरोप धाडला असावा. सकाळी त्यांनी मैदानाच्या कडेला पडलेला नाडा ओळखला, हातात घेऊन चाचपला, आणि एवढंच म्हणाले की तरीच म्हणलं गेला कुठं. धपाटे मी खाऊ शकलो नाही. खेळाडू निवडणारे मुंबईचे साहेब आले ते डोक्यावर रुमाल बांधून, पाठीमागं हात धरून. पहिल्या डावात ते मैदानाच्या मधल्या रेषेजवळ होते. दुसऱ्या डावात सावली शोधत शोधत त्यांनी खुर्ची आणून टाकली ती नेमकी माझ्या गोलच्या मागं, कडुलिंबाखाली. त्यांच्या सिगारेटचा वास मला येत होता. आबा त्यांच्या शेजारीच जमिनीवर पटका सोडून बसले होते. देवानं सगळं मांडून दिलं होतं. आता एकच चेंडू पाहिजे होता. एकच चांगला, अवघड चेंडू.

परभणीची टीम होती. आम्ही एका गोलनं पुढं होतो आणि परभणीकर जिवावर उदार होऊन चाल करत होते. पण काय सांगू, आमचे पाच जण त्या दिवशी जसे खेळले तसे पुन्हा कधी खेळले नाहीत. एक पुढं, एक मागं, एक वळला की दुसरा त्याच्या जागी. दोर नव्हता, तरी बघणाऱ्याला दिसावा. परभणीकर उजवीकडून यायचे, रस्ता बंद. डावीकडून यायचे, रस्ता बंद. एकदा चेंडू माझ्याकडं आला, पण तो दमून, गडगडत, एखादं कुत्रं ओळखीच्या घरी यावं तसा आला. मी तो पायानं बाजूला केला. त्याला कुणी टाळी वाजवणार नव्हतं. मी पॅड घालून उभा होतो, घामानं निथळत होतो, आणि ओरडत होतो. हमीद, दायें. रशीद, पीछे. प्रत्येक हाकेबरोबर एक एक चेंडू माझ्यापासून दूर जात होता.

शेवटाला परभणीच्या सेंटर फॉरवर्डनं एक गंमत केली. खांदा माझ्या उजवीकडं पाडला, रशीद त्या बाजूला खेचला गेला, आणि त्यानं चेंडू डावीकडं मोकळ्या जागेत सोडला, जिथं त्यांचा दुसरा भिडू धावत येत होता. ते फक्त मला दिसलं. रशीदची पाठ होती तिकडं. एक श्वास मी गप्प राहिलो असतो तर तो भिडू चेंडू घेऊन थेट माझ्यासमोर आला असता, आणि मागं साहेब बसलेले. मी गप्प राहायचं ठरवलं असं म्हणणार नाही, ठरवायला तेवढा वेळच नव्हता. पण मनात आलं. येऊ दे, मनात आलं, येऊ दे याला. आणि ते मनात येतंय तोवर मैदानावर कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, “रशीद, बायें!” तो आवाज माझा होता.

रशीद बघितल्याशिवाय वळला. नुसत्या हाकेवर, पाठीला डोळे असल्यासारखा. त्यानं स्टिक जमिनीला आडवी टाकली आणि चेंडू तिच्यावर येऊन थांबला, ठरवून आल्यासारखा. माझ्या मागून साहेब म्हणाले, “वाह.” ती वाहवा माझ्या पाठीमागून निघाली, माझ्या डोक्यावरून गेली आणि रशीदवर जाऊन पडली. मी वळून बघितलं नाही.

सामना संपल्यावर साहेबांनी रशीदला बोलावलं. मी पॅड सोडत जवळच बसलो होतो. साहेबांनी विचारलं की पाठ होती तरी तुला कळलं कसं. रशीद म्हणाला, “मेरे कू कुछ दिखाच नहीं, साब. इसने आवाज दिया, मैं पलट गया.” साहेब हसले. वाईट हसले नाहीत, खरोखर अडचणीत पडलेला माणूस हसतो तसे. म्हणाले, “आवाज को कैसे नौकरी पे रखूँ, मियाँ? कागज पे क्या लिखूँ?” मग माझ्याकडं वळून ते अदबीनं म्हणाले की तुमचा खेळ बघायला मिळालाच नाही. ते खोटं नव्हतं. मी दुसऱ्या पॅडचा पट्टा सोडायला घेतला.

आबांनी त्यात आपल्या परीनं भर घातली होती, ती मला संध्याकाळी कळली. सामना चालू असताना त्यांनी शेजारच्या या सभ्य गृहस्थाला, ते कोण आहेत हे ठाऊक नसताना, विचारलं होतं, “समदे पळायलेत, ते एकटंच उभं राहून वरडायलंय. ते माझं पोरगं. कामून पळंना ते?” साहेब काय म्हणाले ते आबांना आठवत नव्हतं. आबांना माझी लाज वाटली होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून घरी येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला.

साळवे सर मैदान रिकामं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ ते माझ्या पॅडवरची माती बोटानं झाडत होते, जी नव्हतीच. मग त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, “डिफेन्स चांगला झाला की गोलकीपर दिसत नाही. मला हे आधी कळायला पाहिजे होतं, बाळा. पण कळलं असतं तरी मी काय वेगळं केलं असतं, सांग.” आम्ही दोघं मैदानावर पाणी मारणाऱ्या माणसाकडं बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना झाला. साहेब आदल्या संध्याकाळीच मनमाडच्या गाडीनं गेले होते. रशीदचं चित्त मुंबईला जाऊन पोचलं होतं. ऊन समोरून होतं, आणि मुरमाच्या मैदानावर चेंडू कसाही उसळतो. आम्ही एका गोलनं हरलो. त्या सामन्यात सांगण्यासारखं काही नाही.

पाडव्याला आबांनी सालगडी शोधला नाही. मी नाडा खांद्यावर टाकून कन्नडच्या एसटीत बसलो. मावशीनं धपाटे बांधून दिले होते, ते घाट दिसायच्या आत संपले. पुढं शेत, मग हिच्याशी लग्न, मग साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर नोकरी. तिथं भोंगा मिळाला एकदाचा, अगदी डोक्यावर. रशीद मुंबईला बरीच वर्षं खेळला, मग तिथंच कामाला राहिला, बहिणींची लग्नं केली. आजही ईदला त्याचा फोन येतो. “भोंगे, आवाज दे रे,” म्हणतो, आणि मी “रशीद, बायें” असं ओरडतो. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. सरांबद्दलही नाही. कुणाचंच काही चुकलं नाही, हीच तर माझी पंचाईत आहे. कुणाचं तरी चुकलं असतं तर मला त्याच्यावर रागावून म्हातारं होता आलं असतं.

हे सगळं मी हिला सांगितलं. ही लसूण सोलत ऐकत होती, मधे एकदाच नान-खलिया किती खायचात म्हणून विचारलं. शेवटी मी म्हणालो, तुझ्याशी लग्न झालं हे बरंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आयुष्यात एक चेंडू, फक्त एक धड चेंडू माझ्याकडं आला असता तर मी दाखवून दिलं असतं. हिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या, टरफलं फुंकून बाजूला केली आणि विचारलं की अंतिम सामना कितीनं हरलात म्हणालात. मी म्हणालो, एका गोलनं.

“म्हंजे तो चेंडू दुसऱ्या दिवशी आला होता की,” ती म्हणाली.